फुफ्फीच्या मराठी ओव्या उर्दूच्या फोल्डरमध्ये कुणी टाकल्या?

माझी फुफ्फी बार्शी तालुक्यातल्या एका खेड्यात राहायची. शाळेत ती कधी गेली नाही. उर्दू तिला वाचता येत नव्हती. नमाजपुरते सूरे लहानपणी ऐकून पाठ केले होते, तेवढंच. घरात दखनी बोलायची, शेतात आणि बाजारात मराठी. पण जात्यावर बसली की तिच्या तोंडून जी ओवी यायची ती मराठीच. त्यात माहेर असायचं, भाऊ असायचा, पंढरीची वाट असायची आणि गावच्या पीराचा उरूसही असायचा. 1994 मध्ये अब्बांनी टेपरेकॉर्डर समोर ठेवून तिच्या ओव्या दोनदा रेकॉर्ड केल्या. एकदा रमजानच्या आधी, एकदा ईदनंतर. पुढे तीन वर्षांनी ती गेली.

या दोन कॅसेट आमच्या सोलापुरातल्या एका छोट्या मंडळाच्या संग्रहात होत्या. संग्रह म्हणजे काय, तर लोकांनी घरातून आणून दिलेल्या वस्तू. लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट, साहित्य संमेलनातली भाषणं, शाहिरी, नात, कव्वाली, मोहरमच्या सवाऱ्यांचे फोटो. कॅसेटना बुरशी धरू लागली तेव्हा पोरांनी त्या संगणकावर उतरवून घेतल्या. तीन-चार हजार फायली एका हार्डडिस्कवर जमल्या. नावं मात्र कशीही. ‘रेकॉर्डिंग 17’, ‘चाचा का भाषण’, ‘नवीन नवीन फायनल’.

मग माझा भाचा पुढं आला. तो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणाला, “हाथों से करते बैठे तो सालां लगते मामू. एजंट एक रात में सब लगा देता.”

एजंटनं खरंच एका रात्रीत सगळं लावलं. सकाळी मी फुफ्फीच्या ओव्या शोधल्या. त्या ‘उर्दू – धार्मिक’ नावाच्या फोल्डरमध्ये होत्या. आणि दोनाऐवजी एकच फाईल होती.

एजंट आपल्या कामाची नोंद ठेवतो. भाच्यानं ती उघडून दाखवली. पहिल्या कामापुढं कारण होतं: गायिकेच्या नावावरून भाषा उर्दू. दुसऱ्यापुढं: त्याच गायिकेची, त्याच शीर्षकाची दुबार प्रत, काढली. ईदनंतरचं रेकॉर्डिंग गेलं. त्यात फुफ्फीनं माझ्या अम्मीच्या नावाची ओवी गायली होती. मूळ कॅसेट केव्हाच फेकल्या होत्या. हार्डडिस्कची दुसरी प्रत करायची म्हणून राहून गेली होती.

मी संतापलो. यंत्रावर, कंपन्यांवर, त्या दूरच्या लोकांवर, ज्यांना मुसलमान म्हटलं की उर्दूच आठवते. भाचा गप्प बसून ऐकत होता. मग त्यानं एक फाईल उघडली आणि म्हणाला, “मामू, ये वाक्य मैंने लिखा था.”

यंत्र काय वाचतं?

ते वाक्य काय होतं हे सांगण्याआधी हे सगळं चालतं कसं ते सांगायला हवं. भाच्यानं मला समजावलं तसंच सांगतो.

एजंट म्हणजे भाषेचं मॉडेल, ज्याच्या हातात काही टूल्स दिलेली असतात. एक टूल फाईल शोधतं, एक नाव बदलतं, एक हलवतं, एक हटवतं. प्रत्येक टूलच्या पोटात प्रोग्रॅम असतो, पण मॉडेलला तो सहसा दिसत नाही. त्याच्यासमोर येतात तीन गोष्टी: टूलचं नाव, दोन-चार ओळींचं वर्णन, आणि त्याला कोणती माहिती पुरवायची याचा तक्ता. एवढं वाचून ते ठरवतं की आत्ता कोणतं टूल उचलायचं आणि त्यात काय भरायचं. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रोपिक कंपनीनं यासाठी ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाचं खुलं प्रमाणक जाहीर केलं, आणि आता बरीच सॉफ्टवेअर त्याच रीतीनं आपली टूल्स एजंटपुढं मांडतात. त्यातही नाव, वर्णन आणि तक्ता हाच गाभा आहे.

माणसासाठी गोष्ट वेगळी असते. जेलीफिनसारख्या मोफत मीडिया-सॉफ्टवेअरमध्ये माणूस फाईल हटवायला गेला की समोर सूचना येते: ही वस्तू यादीतूनही जाईल आणि डिस्कवरूनही जाईल, नक्की का? माणूस दचकतो, थांबतो. एजंट मागच्या दारानं येतो. त्याला ती सूचना दिसत नाही. टूलच्या वर्णनात जे लिहिलं असेल तीच त्याची सूचना. तिथं काही लिहिलं नसेल तर तो थांबणार कशाला?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. टूलचं वर्णन ही प्रोग्रॅमरनं शेवटी घाईत भरायची रकाना-पूर्ती नाही. तो हुकूम आहे. कुणाचा आवाज कुठं ठेवला जाईल, कुणाचा पुसला जाईल, हे त्या दोन ओळी ठरवतात. आणि असा हुकूम लिहिण्याचं काम ज्यांचा आवाज आहे त्यांनीच करायला हवं.

‘काढा’ म्हणजे नेमकं काय?

भाच्यानं आमच्या सोयीसाठी वर्णनं मराठीत लिहिली होती. एका टूलचं वर्णन असं होतं: “नको असलेल्या आणि दुबार फायली काढून संग्रह नीट लावा.”

वाचायला किती साधं. पण मराठीत ‘काढणे’ या क्रियापदाला काय काय अर्थ आहेत ते बघा. ‘फोटो काढा’ म्हणजे कॅमेऱ्यानं टिपा, आणि भिंतीवरचा ‘फोटो काढा’ म्हणजे खाली उतरवा. ‘जुनं गाणं काढ’ म्हणजे शोधून आण. ‘यादीतून नाव काढ’ म्हणजे वगळ. ‘पुस्तक काढलं’ म्हणजे प्रकाशित केलं. ‘लावणे’ तसंच. गाणं लावा म्हणजे वाजवा, फोटो लावा म्हणजे टांगा, कपाट लावा म्हणजे आवरा. घरात हे चालतं, कारण बोलणारा समोर असतो, त्याचा हात कुठं आहे ते दिसतं. ‘साफ कर’ म्हटलं तर सून पुस्तकं पुसते, रद्दीत घालत नाही.

एजंटला हात दिसत नाही, त्याला शब्दच दिसतो. मग ‘नको असलेल्या’ म्हणजे कुणाला नको असलेल्या? ‘काढून’ म्हणजे यादीतून की डिस्कवरून? ‘दुबार’ म्हणजे हुबेहूब एकच फाईल की एकाच नावाच्या दोन? एका वाक्यात तीन प्रश्न उघडे राहिले. तिन्हींची उत्तरं त्यानं आपल्या मनानं दिली आणि आमच्या घरातला एक आवाज गेला.

कुणी म्हणेल, म्हणूनच ही वर्णनं इंग्रजीत लिहावीत. मला हे पटत नाही. इंग्रजीतला ‘रिमूव्ह’ तेवढाच संदिग्ध आहे. कुठं तो गाणं फक्त यादीतून वगळतो, कुठं फाईलच मिटवतो. भाषेत दोष नाही, आपल्या आळसात आहे. मराठीत ‘वगळा’, ‘हलवा’, ‘लपवा’, ‘कायमचं मिटवा’ असे शब्द आहेत. ते वापरायला कुणी अडवलं नव्हतं. आणि वर्णन मराठीत होतं म्हणून तरी मला, संगणकातलं ओ की ठो न कळणाऱ्या माणसाला, त्यातली चूक दिसली.

नावावरून भाषा

आता ते दुसरं वाक्य, ज्यासाठी भाच्यानं मान खाली घातली होती. “फाईलची भाषा ठरवून योग्य फोल्डरमध्ये हलवा. भाषा माहीत नसेल तर कलाकाराच्या नावावरून अंदाज घ्या.”

हे वाक्य आमच्याच पोरानं लिहिलं. ज्याची आजी मराठीत ओव्या गायची, जो स्वतः मराठी शाळेत शिकला. त्याच्या डोक्यात हे आलं कुठून? आमच्याच समाजातून. मुसलमानाची भाषा उर्दू, हे आम्ही शेजाऱ्यांकडून ऐकलं, वर्तमानपत्रात वाचलं, सिनेमात पाहिलं आणि शेवटी स्वतःच खरं मानलं. उर्दूशी माझं वैर नाही. ती गोड आहे, आपली आहे. पण ती आपली एकटीच भाषा आहे असं मानणं म्हणजे स्वतःच्या निम्म्या घराला कुलूप लावणं.

आणि हे सोलापुरात व्हावं! सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. शाहीर अमर शेख 1916 मध्ये याच जिल्ह्यात बार्शीला जन्मले, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा पहाडी आवाज मैदानं गाजवायचा, तो मराठीत. पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन 1990 मध्ये याच शहरात भरलं. आपल्या सोलापूरचे प्रा. फकरुद्दीन बेन्नूर आयुष्यभर एकच सांगत राहिले: इथला मुसलमान इथल्या मातीतला आहे, त्याची भाषा आणि संस्कृती प्रादेशिक आहे. एवढं सगळं झाल्यावर एक वाक्य येतं, नावावरून अंदाज घ्या, आणि एका रात्रीत तो सगळा वाद आपण हरतो. समोर कुणी भांडायलाही नसतं.

हा रोग जुना आहे हे मान्य. ग्रंथालयांत ड्युईच्या वर्गीकरणात मराठी साहित्याचा क्रमांक 891.46 आणि उर्दूचा 891.439. मुखपृष्ठावर शेख नाव दिसलं की आतलं पान न उघडता पुस्तक दुसऱ्या क्रमांकावर टाकायला कितीसा वेळ लागतो? गाण्यांच्या फायलींचंही तेच. 1996 मध्ये एमपीथ्री फायलींना माहिती चिकटवायची आयडीथ्री पद्धत आली. पहिल्या रूपात सगळ्या माहितीला मिळून 128 बाइट्स, कलाकाराच्या नावाला 30. देवनागरीची सोय नाही. गीतप्रकारांची 80 नावांची ठरलेली यादी, त्यात पोवाडा नाही, लावणी नाही, कव्वाली नाही. आपण ज्या खणात मावत नव्हतो तो खण दुसऱ्यांनी बनवला होता. तेव्हा तक्रार करता येत होती. आज टूलचं वर्णन लिहायला कागद आपल्या हातात दिला आहे, आणि आपण त्यावर तोच जुना खण काढतोय.

सोलापूरचा संग्रह तर एका भाषेत बसणारच नाही. इथं एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी ऐकू येते. विजापूर-गुलबर्ग्याकडं मोहरममध्ये रिवायतीची पदं कन्नडमधून गातात. गाणारा मुसलमान, प्रसंग करबलाचा, भाषा कन्नड. नावावरून अंदाज घेणारा एजंट त्याला कुठं ठेवेल? भाषांच्या आंतरराष्ट्रीय सांकेतिक यादीत मराठीला ‘एमएआर’, उर्दूला ‘यूआरडी’ असे संकेत आहेत, आणि दखनीलाही ‘डीसीसी’ हा स्वतंत्र संकेत आहे. म्हणजे जगाच्या यादीत आमच्या अम्मीच्या बोलीला जागा आहे. आमच्या हार्डडिस्कवर नव्हती.

आणि भाषा बरोबर ठरली तरी नाव सापडेल का? 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांत मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्याबरोबर अब्दुल रसूल कुर्बान हुसेन होते. त्यांचं नाव कुणी कुर्बान लिहितं, कुणी कुरबान, कुणी नुक्ता देऊन क़ुर्बान. पुढं हुसेन, हुसैन किंवा हुसेनसाहेब. अक्षर न् अक्षर जुळवणाऱ्या टूलला यातलं एकच रूप सापडतं. तेवढं पाहून एजंट शांतपणे सांगतो, संग्रहात यांच्याविषयी काही नाही. हुतात्म्याचं नाव शहराच्या चौकात आहे, आणि आमच्या संगणकात ‘शून्य फायली’!

दुबार म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवावं?

‘दुबार काढा’ या हुकमाचं मला सर्वात वाईट वाटलं, कारण आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार हजार वर्षांपूर्वी झाला आहे. इमाम बुखारींच्या संग्रहात 7 हजारांहून अधिक हदीसी आहेत. पुनरुक्ती वगळली तर अडीच हजारांच्या आसपास उरतात. तीच हदीस वेगळ्या प्रकरणात, वेगळ्या साखळीनं पुन्हा येते. इमाम मुस्लिम, ज्यांचा इंतकाल 875 मध्ये झाला, त्यांनी तर एकाच हदीसीची वेगवेगळी कथनं शेजारी शेजारी ठेवली, म्हणजे वाचणाऱ्याला फरक दिसावा. कुणी कुणाकडून ऐकलं, शब्द कुठं बदलला, हे जपणं म्हणजेच इल्म होतं. त्यांच्या हाताशी आमचं ‘दुबार काढा’ टूल असतं तर बुखारींचा मोठा भाग एका रात्रीत साफ झाला असता.

एकाच पोवाड्याची दोन रेकॉर्डिंग दुबार नसतात. एकात शाहीर तरुण असतो, दुसऱ्यात थकलेला. एकात समोरचा जमाव गातो, दुसऱ्यात पाऊस वाजतो. फुफ्फीच्या दोन कॅसेटांमध्ये एका ईदचं अंतर होतं आणि अम्मीच्या नावाची एक ओवी.

“एआयला सगळं कळतं” म्हणणाऱ्यांना

हे सगळं मी चारचौघांत बोललो तेव्हा तीन प्रकारची उत्तरं आली.

पहिलं: मॉडेल दिवसेंदिवस हुशार होतायत, उद्या त्यांना वर्णनाची गरजच उरणार नाही. हुशारी वाढतेय हे खरं. पण आमच्या प्रकरणात हुशारी कमी पडली असं नाही. एजंटनं नाव वाचलं, ते मुस्लिम आहे हे ओळखलं, सांगितल्याप्रमाणे अंदाज घेतला आणि काम पुरं केलं. मंद यंत्र अडखळलं असतं, अडलं असतं, आणि आम्ही वाचलो असतो. हुशार नोकराला चुकीचा हुकूम दिला तर चूकही तो सफाईनं करतो. आणि अम्मीच्या नावाची ओवी मौल्यवान आहे, हे कोणतं मॉडेल स्वतःहून ओळखणार? ते आम्हालाच माहीत होतं. आम्ही सांगितलं नाही.

दुसरं: लांबलचक वर्णनं दिली तर एजंट गोंधळतो, खर्चही वाढतो. यात तथ्य आहे. वर्णनातला प्रत्येक शब्द यंत्राला दर वेळी वाचावा लागतो, आणि एकसारखी दिसणारी तीस टूल्स समोर ठेवली तर तेही चुकीचं उचलतं. म्हणून टूल्स कमी असावीत, नावं एकमेकांपासून दूर असावीत आणि वर्णनातलं प्रत्येक वाक्य काहीतरी ठरवणारं असावं. ‘हे अत्यंत उपयुक्त टूल आहे’ हे वाक्य काहीच ठरवत नाही, ते उडवा. ‘नावावरून भाषा ठरवू नका’ हे वाक्य ठेवा. ते सहा शब्दांचंसुद्धा नाही.

तिसरं उत्तर आपल्या वडीलधाऱ्यांचं: यंत्रच नको, आमची वही बरी. मला त्यांचा राग समजतो. पण वहीत त्या तीन हजार फायलींपैकी दोनशेसुद्धा चढल्या नव्हत्या. लिहिणारी पोरं दुबई-पुण्याला गेली. ज्या फाईलचं नाव ‘रेकॉर्डिंग 17’ आहे तीही हरवलेलीच फाईल आहे, फक्त हळूहळू हरवणारी. यंत्र हाकलून आपला वारसा वाचणार नाही. त्याला काय सांगायचं हे शिकल्यानं वाचेल.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. मी वर सांगितलेल्या प्रमाणकात टूलवर ‘हे फक्त वाचतं’ किंवा ‘हे नाश करू शकतं’ अशी खूण लावायची सोय आहे. पण त्याच प्रमाणकात बजावलंय की अशी खूण ही हमी समजू नये, टूल देणारा भरवशाचा नसेल तर मुळीच नाही. चांगलं वाक्य एजंटला शहाणं वागायला सांगतं, त्याचे हात बांधत नाही. हात बांधायचे तर मिटवण्याचं टूल त्याच्याकडं देऊच नये, आणि हार्डडिस्कची दुसरी प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवावी. आम्ही दोन्ही केलं नव्हतं. त्यात दोष माझाही आहे.

मग लिहायचं कसं?

चांगली नोंद कशी असते हे पाहायला लांब जायला नको. गी पॉइटवां आणि हेमा राइरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो एक लाखाहून अधिक ओव्यांचा ठेवा आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात आहे. तिथं ओवीबरोबर गाणारीचं नाव असतं, गाव आणि तालुका असतो, ओवीचा विषय असतो. बाई कोण, हे आधी विचारलं गेलं, मग ती कुठं ठेवायची ते ठरलं. हाच क्रम आहे.

भाचा आणि मी तीन रविवार बसलो. आमच्या संग्रहाची वर्णनं पुन्हा लिहिली. त्यातली तीन इथं देतो, कुणालाही उचलायला मोकळी आहेत.

“सारख्या फायली दाखवा. ज्या फायली आतून हुबेहूब एकच आहेत अशांची यादी देते. काहीही हलवत किंवा मिटवत नाही. शीर्षक, गायक किंवा लांबी जुळली म्हणून दोन फायली सारख्या होत नाहीत. एकाच गाण्याची दोन रेकॉर्डिंग वेगळी धरा. यादी माणसाला दाखवा आणि थांबा.”

“भाषा नोंदवा. रेकॉर्डिंगच्या आशयावरून ओळखलेली भाषा नोंदवते. एकाहून अधिक भाषा देता येतात: मराठी, दखनी, उर्दू, हिंदी, कन्नड, तेलुगू, अरबी, ‘माहीत नाही’. माणसाचं नाव, धर्म किंवा मोहल्ला यांवरून भाषा ठरवू नका. खात्री नसेल तर ‘माहीत नाही’ लिहा. ते चुकीचं उत्तर नाही. फाईल जागेवरच राहते.”

“नाव शोधा. व्यक्तीच्या नावानं फायली शोधते. फक्त दिलेलं रूपच जुळवते, म्हणून नावाची दुसरी रूपं देऊन पुन्हा शोधा. उदाहरणार्थ कुर्बान, कुरबान, क़ुर्बान. काही सापडलं नाही तर ‘या रूपांनी सापडलं नाही’ असं सांगा. ‘संग्रहात नाही’ असं सांगू नका.”

यात कोणतीही जादू नाही. टूल काय करतं आणि काय करत नाही, केव्हा वापरायचं, काय भरायचं, काय भरायचं नाही, रिकाम्या हातानं परतलं तर त्याचा अर्थ काय, आणि केव्हा थांबून माणसाला विचारायचं. नवा माणूस कामाला लागला तर पहिल्या दिवशी त्याला आपण हेच सांगतो. सर्वात मोलाचे शब्द मला ‘माहीत नाही’ हे वाटतात. कोणत्याही तक्त्यात त्यांना जागा नसेल तर यंत्राला खोटं बोलणं भाग पडतं.

आणि मिटवण्याचं टूल? ते आम्ही एजंटकडून काढून घेतलं. म्हणजे परत घेतलं, हे स्पष्ट केलेलं बरं.

आपल्या मंडळांना, वाचनालयांना, दर्ग्यांच्या विश्वस्तांना, साहित्य संस्थांना माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या जुन्या कॅसेट, फोटो, भाषणं कुणी ‘एआयनं लावून देतो’ म्हणाला तर लगेच हार्डडिस्क हातात देऊ नका. आधी त्याच्याकडं टूल्सची वर्णनं मागा. ती तुमच्या भाषेत मागा. मोठ्यानं वाचा, घरातल्या बायकांना ऐकवा, कारण कोणता आवाज कुणाचा हे बहुतेकदा त्यांनाच माहीत असतं. ज्या वाक्याचे दोन अर्थ निघतात ते परत पाठवा. सातबाऱ्यावर चुकीची नोंद झाली तर आपण तलाठ्याकडं, तहसीलदाराकडं, कोर्टात खेटे घालतो. आवाजाच्या सातबाऱ्यावर नोंद होत असताना आपण तिथं हजर का नसावं?

फुफ्फीची उरलेली फाईल आता जागेवर आहे. तिच्यापुढची नोंद मी स्वतः लिहिली: भाषा मराठी. प्रकार जात्यावरची ओवी. गाव बार्शी तालुका. साल 1994, रमजानच्या आधी. याच गायिकेचं ईदनंतरचं दुसरं रेकॉर्डिंग होतं. ते दुबार नव्हतं. आमच्या चुकीनं मिटलं.